धरणाकाठचे अकरा गुंठे

मंचरला पुणे-नाशिक महामार्ग सोडून भीमाशंकरच्या रस्त्याला वळले की उसाच्या आणि बटाट्याच्या शेतांच्या बांधावर पाट्या दिसू लागतात. 'बॅकवॉटर व्ह्यू प्लॉट', 'सह्याद्रीच्या कुशीत हक्काचे घर', 'अकरा गुंठे, सोपे हप्ते, मोजकेच शिल्लक'. नारायणगावहून जुन्नरला जातानाही तेच. शिवनेरीचा कडा नजरेत भरण्याआधी अशा पाच-सहा पाट्या वाचून झालेल्या असतात. शाळेत उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवत असल्यामुळे माझे लक्ष जाहिरातीपेक्षा शब्दांकडे आधी जाते. 'हक' हा अरबी शब्द. मराठीत तो 'हक्क' झाला. उर्दूत 'हक' म्हणजे अधिकार, सत्यही, आणि दुसऱ्याचे आपल्याकडे असलेले देणेही. मराठीत पहिला अर्थ तेवढा ठळक राहिला. जुन्नर-आंबेगावच्या डोंगरात घर घेऊ पाहणाऱ्याने उरलेले दोन अर्थही सोबत न्यावेत, असे तो भाग हिंडून आल्यावर वाटले.

अशी घरे पाहणाऱ्यांत आता आपलीही माणसे असतात. मुंब्रा, कुर्ला, भिवंडी, कोंढवा इथल्या कुटुंबांकडे कोणाच्या निवृत्तीचा फंड असतो, कोणाची आखातातल्या नोकरीतली बचत असते. मुलांनी दोन दिवस झाडे पाहावीत, म्हाताऱ्या आईवडिलांना मोकळी हवा मिळावी, या इच्छेत वावगे काही नाही. पुण्याहून जुन्नर शंभर किलोमीटरच्या आत आहे. मुंबईकराने कल्याण-मुरबाडवरून माळशेज घाट चढला की तो जुन्नर तालुक्यातच येतो. 2018 मध्ये राज्य सरकारने जुन्नरला विशेष पर्यटन तालुका म्हणून जाहीर केले, तेव्हापासून रिसॉर्ट, तंबू आणि प्लॉट यांना जोर आला. माझे भाईजान निवृत्त झाले तेव्हा त्यांच्याही मोबाइलवर धरणाकाठचे फोटो येऊ लागले. गेल्या मे महिन्याच्या सुट्टीत ते, भाभी, अम्मी आणि मी असे चौघे पाहायला निघालो. अम्मीचे माहेर जुन्नरचे, त्यामुळे तिला प्लॉटपेक्षा प्रवासाचीच हौस जास्त होती.

हा मुलूख पश्चिमेकडून पूर्वेकडे पाहिला तर लवकर समजतो. पश्चिमेला सह्याद्रीची धार. तिच्यावर माळशेज, नाणेघाट, आहुपे, भीमाशंकर. पावसाळ्यात इथे आठवडा-आठवडा सूर्य दिसत नाही. या पाण्यावर कुकडी, मीना, घोड या नद्या पूर्वेला वाहतात आणि त्या प्रत्येकीला धरणाने अडवले आहे. माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे, येडगाव ही जुन्नरची धरणे, डिंभे आंबेगावचे. धरणांच्या खाली कालवे आणि कालव्यांच्या काठी द्राक्षे, टोमॅटो, कांदा, ऊस. नारायणगावचा टोमॅटो बाजार सगळ्या राज्याला ठाऊक आहे. त्याच नारायणगावाजवळ खोडदच्या माळावर पंचेचाळीस मीटर व्यासाच्या अँटेना आकाशाकडे तोंड करून उभ्या आहेत. अशा तीस अँटेनांची मिळून ती जगप्रसिद्ध रेडिओ दुर्बीण. तासाभराच्या गाडीच्या अंतरात भाताची खाचरे संपून द्राक्षांचे मांडव सुरू होतात.

आता घर घेणाऱ्याची अडचण अशी. डोळ्याला भुरळ घालणारे बहुतेक सगळे पश्चिमेला आहे. पण पश्चिमेची गावे महादेव कोळी आणि ठाकर या आदिवासी समाजांची आहेत आणि त्यांच्या जमिनीला कायद्याचे संरक्षण आहे. परक्याला रीतसर घेता येईल अशी जमीन बहुतांशी पूर्वेला आहे. तिथे पाणी असल्यामुळे शेतकरी ती सहजी विकत नाही, विकली तर भाव शहराच्या तोडीचा मागतो, आणि खिडकीतून दिसतो तो शेजाऱ्याचा ऊस. उसाबरोबर बिबट्याही येतो. जुन्नरच्या वनविभागाला माणिकडोहला बिबट निवारण केंद्र चालवावे लागते, यावरून काय ते समजावे. संध्याकाळी अंगणात मुलांना खेळायला सोडता येईल, या हिशेबाने घर घेणाऱ्याने ही गोष्ट स्थानिकांना विचारून घ्यावी.

मोबाइलवरचे फोटो सप्टेंबरातले होते, हे डिंभ्याला पोचल्यावर कळले. फोटोत पाणी हिरव्या गवताला टेकलेले. मे महिन्यात तेच पाणी दूर तळाला गेलेले, आणि मधल्या उतारावर भेगाळलेला गाळ. धरणाचे पाणी पूर्वेच्या शेतीसाठी साठवलेले असते. जसजसा उन्हाळा चढतो तसतसे ते कालव्याने सोडले जाते आणि 'व्ह्यू' मागे सरकत जातो. प्लॉट दाखवणारा मुलगा प्रामाणिक होता. तो म्हणाला, "पाणी दिवाळीपर्यंत भारी दिसतं, मॅडम. शिमग्यानंतर पाहुणे आणू नका."

या जलाशयाचे नाव हुतात्मा बाबू गेनू सागर. परदेशी कापडाच्या ट्रकपुढे 1930 मध्ये मुंबईत प्राण देणारे बाबू गेनू याच तालुक्यातल्या महाळुंगे पडवळचे. पाण्याखाली जे गाव गेले त्याचे नाव आंबेगाव. तालुक्याला अजून तेच नाव आहे, पण तालुक्याचा कारभार घोडेगावातून चालतो आणि मूळ गाव उन्हाळ्यात पाणी उतरले की देवळांच्या दगडांच्या रूपाने थोडे वर येते. आम्ही उतारावर उभे होतो तिथे एक म्हातारे बाबा शेळ्या घेऊन आले. अम्मीने सवयीने त्यांना पाणी विचारले. बसले, बोलले. त्यांनी काठीने खाली दाखवले, "त्या बाभळीच्या अलीकडं आमचं घर. पाणी लई उतरलं तर जोतं दिसतं." मग भाईजानकडे पाहून विचारले, "तुम्ही बी प्लाटवाले का?" भाईजान म्हणाले, "अजून नाही, बाबा." ते हसले. "पाणी ग्येलं खाली, आम्ही ऱ्हायलो वर. आता वरचं बी मागत्यात."

'धरण उशाला, कोरड घशाला' ही म्हण आपण शाळेत वाक्यात उपयोग करा म्हणून देतो. इथे ती उताणी पडलेली दिसते. काठावरच्या वाड्यांतल्या बाया उन्हाळ्यात हंडे घेऊन चढ चढतात, कारण पाणी दिसते पण वर आणायची सोय नाही. पाणी ओसरलेल्या गाळावर लोक थोडे पीक घेतात, जलाशयात मासेमारी करतात, रानातला हिरडा गोळा करून विकतात. 2020 च्या जूनमध्ये निसर्ग चक्रीवादळ आले तेव्हा इथल्या हिरड्याची झाडे मोडली आणि भरपाईसाठी या लोकांना मोर्चे काढावे लागले. डोंगरउतारावर दगडाचे बांध रचून भाताचे खाचर तयार करण्याच्या त्यांच्या जुन्या सामूहिक पद्धतीला 'पडकई' म्हणतात. कुसुमताई कर्णिक आणि आनंद कपूर यांच्या 'शाश्वत' संस्थेने या लोकांबरोबर वर्षानुवर्षे काम केले आणि 2012 मध्ये त्या कामाला संयुक्त राष्ट्रांचे इक्वेटर पारितोषिक मिळाले. प्लॉटवाल्यांच्या नकाशावर पडकईची खाचरे 'टेरेस्ड लँडस्केप' या नावाने येतात.

कायदा या लोकांच्या बाजूने स्पष्ट आहे, आणि तो घर घेणाऱ्यानेही वाचलेला बरा. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम 1966 च्या कलम 36 आणि 36अ नुसार आदिवासी खातेदाराची जमीन बिगरआदिवासीकडे विक्री, बक्षीस, अदलाबदल, गहाण किंवा भाडेपट्टा यांपैकी कोणत्याही मार्गाने परवानगीशिवाय जाऊ शकत नाही, आणि विक्रीसाठी जिल्हाधिकाऱ्याला राज्य सरकारची पूर्वमान्यता घ्यावी लागते. ही अट 1974 पासून आहे. अनुसूचित क्षेत्रातल्या गावांत 1996 च्या पेसा कायद्याने ग्रामसभेलाही जमीन परक्याच्या हाती जाणे रोखण्याचा अधिकार दिला आहे. तरीही व्यवहार होतात, आणि ते कसे होतात हे प्लॉटच्या बाजारात कोणी फारसे लपवत नाही. कुलमुखत्यारपत्र करून घ्यायचे. नव्याण्णव वर्षांचा करार करायचा. एखाद्या आदिवासी गड्याच्या नावावर जमीन घ्यायची आणि पैसे आपण भरायचे. यातला शेवटचा प्रकार बेनामी व्यवहाराच्या कायद्यातही बसतो.

दुसरी अट सगळ्या शेतजमिनींना आहे. कूळकायद्याच्या कलम 63 प्रमाणे शेतकरी नसलेल्या माणसाला जिल्हाधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. यावर बाजारातला तोडगा म्हणजे 'शेतकरी दाखला करून देतो'. कुठल्या तरी दूरच्या सातबाऱ्यावर नाव चढवायचे आणि शेतकरी व्हायचे. पुढे चौकशी झाली तर कलम 84क खाली जमीन सरकारजमा होऊ शकते, आणि तेव्हा दाखला करून देणारा फोन उचलत नाही. 'अकरा गुंठे' या जादूच्या आकड्यामागे तुकडेबंदीचा 1947 चा कायदा आहे. एका गुंठ्यात 1089 चौरस फूट, म्हणजे अकरा गुंठ्यांत जवळजवळ बारा हजार चौरस फूट. ऐकायला भरपूर वाटते. पण कित्येकदा विकला जातो तो सामायिक सातबाऱ्यातला न मोजलेला हिस्सा. कागदावर वीस जणांची नावे, जमिनीवर चुन्याच्या रेघा. तुकडेबंदीत अलीकडे सवलती आल्या आहेत, तेव्हा एजंटाच्या तोंडचे नियम न मानता आजचा नियम तलाठी कार्यालयात विचारावा. आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणायचे.

आम्ही सातबारा काढला. आता तो घरबसल्या निघतो, ही मोठी सोय आहे. भाईजानना पसंत पडलेल्या जागेच्या उताऱ्यावर 'इतर अधिकार' या रकान्यात '36 व 36अ' असा शेरा होता. एजंट म्हणाला, "तो शेरा सगळ्यांनाच असतो." तो सगळ्यांना नसतो. या रकान्यात काय असू शकते ते सांगते, कारण आपल्या घरांत सातबारा पुरुषांच्या फायलीत राहतो आणि बायकांनी तो वाचलेला नसतो. भोगवटादार वर्ग 2 असे लिहिले असेल तर सरकारच्या परवानगीशिवाय विक्री नाही. कूळकायद्याचे कलम 43 असेल तरी विक्रीला अटी असतात. पुनर्वसनाचा शेरा असेल तर ती जमीन धरणग्रस्तांच्या हिशेबातली असू शकते. देवस्थान इनाम असेल तर लांबच राहावे, ते देऊळ असो की दर्गा. वक्फची जमीन तर विकताच येत नाही, आणि ती विकत घेणाऱ्यांत आपलेच लोक असतात ही बोलायची गोष्ट नव्हे, पण बोलले पाहिजे. जागेपर्यंत रस्ता कोणाच्या शेतातून येतो आणि त्याची नोंद कुठे आहे, हे विचारावे. पाचशे चौरस मीटरपेक्षा मोठ्या जागेवर प्लॉट पाडून विकणाऱ्याकडे महारेराचा नोंदणी क्रमांक मागावा. साठेखत आणि खरेदीखत यांतला फरक ठाऊक नसेल तर विसार देऊ नये. मोजणी आधी, पैसे नंतर.

वीतभर जमीन अन्यायाने घेणाऱ्याविषयीची हदीस आपल्या घरांत मुलांनाही माहीत असते. आपण ती भाऊबंदकीच्या भांडणात एकमेकांना ऐकवतो. शेळ्या राखणाऱ्या बाबांच्या जमिनीला ती लागू आहे का, असा प्रश्न अम्मीने परतीच्या वाटेवर गाडीत विचारला. भाईजान काही बोलले नाहीत. घोडेगाव आले तेव्हा त्यांनी एजंटाला फोन करून नको म्हणून सांगितले.

पूर्वेकडच्या एका बिगरशेती प्रकल्पाचीही आम्ही चौकशी केली. कागद सरळ होते, नोंदणी होती. फोनवर गृहस्थ छान बोलले, रविवारी या म्हणाले, नाव विचारले. नाव सांगितल्यावर त्यांना आठवले की प्लॉट संपले आहेत. भाभीने दुसऱ्या दिवशी शेजारणीच्या नावाने फोन करून पाहिला, तर चार शिल्लक होते. शहरात फ्लॅट शोधताना हा अनुभव बहुतेक वाचकांना आलेला असेल, त्यामुळे लांबण लावत नाही. एवढेच नोंदवते की ज्या गावांत हे प्रकल्प आहेत तिथल्या माणसांनी आम्हाला नाव विचारले ते चहा देण्यासाठी. भिंत बांधून गावापासून वेगळे होणाऱ्या वसाहतीला मात्र आत कोण येतो याची काळजी असते.

घोडेगावहून पुढे माळीणचा रस्ता लागतो. 30 जुलै 2014 च्या सकाळी डोंगराचा कडा खाली आला आणि वाडीतली चाळीसहून अधिक घरे चिखलात गेली. दीडशेहून अधिक माणसे मेली. नेहमीच्या फेरीला आलेल्या एसटीच्या चालकाला गाव दिसले नाही, तेव्हा बाहेरच्या जगाला कळले. वाचलेल्यांसाठी आमडे येथे नवे गाव वसवले गेले. कारणांवर बरीच चर्चा झाली. अतिवृष्टी सर्वांनी मान्य केली, आणि उतारावर यंत्राने केलेल्या सपाटीकरणाकडेही बोट दाखवले गेले. बरोबर दहा वर्षांनी, 30 जुलै 2024 ला, केरळातल्या वायनाडमध्ये तसेच घडले आणि शेकडो माणसे गेली. दुसऱ्याच दिवशी केंद्र सरकारने पश्चिम घाटाच्या संवेदनशील क्षेत्राचा सहावा मसुदा काढला. त्यात जुन्नर आणि आंबेगावची पश्चिमेची गावे आहेत. भीमाशंकर अभयारण्याभोवतीचे निर्बंध वेगळेच.

हे प्लॉटवाल्याशी जोडून का सांगते, तर हातांनी दगड रचून केलेली पडकई आणि जेसीबीने एका दिवसात कापलेला उतार यांत फरक आहे. पहिल्यात पाणी दगडांच्या फटींतून वाट काढते. दुसऱ्यात ते कापलेल्या मातीच्या पोटात शिरते. प्लॉट सपाट दिसावा, गाडी दारापर्यंत जावी, म्हणून डोंगराचा पाय कापलेला आम्ही दोन ठिकाणी पाहिला. वर लाल मातीची उघडी भिंत, तिच्या खाली 'बुकिंग सुरू' असा फलक, आणि त्याच्या खाली ओढ्याकाठी दहा-बारा घरांची वाडी. घर आपले कोसळले तर आपण त्यात नसण्याची शक्यता जास्त, कारण पावसाळ्यात आपण शहरात असतो. खाली राहणारी माणसे बारा महिने तिथेच असतात.

घर बांधून झाले, कायदा आणि डोंगर दोन्ही सांभाळले, तरी ते सांभाळणे उरते. घाटाच्या जवळच्या घरांत पावसाळ्याचे चार महिने भिंती घाम येऊन भिजलेल्या, गाद्यांना बुरशी, चौकटींना वाळवी. राखणदार ठेवावा लागतो, आणि खरे म्हणजे घर त्याचेच असते, मालक पाहुणा. माझ्या ओळखीच्या एका कुटुंबाने हिशेब मांडला तेव्हा पाच वर्षांत घरात काढलेल्या रात्री साठ भरल्या नाहीत. एका रात्रीचा खर्च चांगल्या हॉटेलच्या वर गेला. इस्राफ म्हणजे काय हे मुलांना शिकवताना आपण नळाचे उदाहरण देतो. वर्षातून अकरा महिने कुलूप असलेले घरही त्या धड्यात बसते.

पैशाच्या बाजूने दोन गोष्टी घराघरांत विचारल्या जातात, म्हणून थोडक्यात. राहत्या घरासाठी व्याजाचे कर्ज घ्यावे का यावर उलेमांत मजबुरीचा विचार होतो. दुसऱ्या घराला मजबुरी म्हणता येईल असे मला वाटत नाही, आणि हप्त्यांच्या योजनेत उशीर झाला की लागणारा दंड वाचून घ्यावा, बहुतेकदा तो व्याजाचाच धाकटा भाऊ असतो. दुसरी गोष्ट जकातीची. स्वतः राहायला घेतलेल्या घरावर जकात नाही. पण 'पाच वर्षांनी दुप्पट होईल' म्हणून विकण्यासाठी घेतलेला प्लॉट हा तिजारतीचा माल, आणि त्याच्या चालू किमतीवर दरवर्षी अडीच टक्के जकात निघते. धरणाकाठचे निम्मे प्लॉट याच हेतूने घेतले जातात. तो हेतू एजंटापुढे अभिमानाने सांगणारे रमजानमध्ये मात्र 'राहायला घेतलाय' म्हणतात.

थंड हवेचे दुसरे घर ही कल्पना आपल्या समाजाला नवी नाही. माथेरानची छोटी रेल्वे 1907 मध्ये सुरू झाली ती मुंबईचे बोहरा उद्योगपती सर आदमजी पीरभाई यांच्या पैशावर आणि त्यांचे पुत्र अब्दुल हुसेन यांच्या मेहनतीवर. माथेरान, पाचगणीत पारशांबरोबर बोहरा-खोजा कुटुंबांचेही बंगले होते. त्यांतले कित्येक आज हॉटेले झालेत किंवा बंद पडलेत. बांधणारा एक असतो, तिसऱ्या पिढीत वारस तीस होतात, आणि कोणाचीच सही पुरी पडत नाही.

हाच विचार आम्हाला जुन्नरला घेऊन गेला. जुन्नर गावात शिरताना डाव्या-उजव्या हाताला जे दिसते ते आपल्या मुलांच्या पुस्तकात अर्ध्या ओळीत असते. मलिक अहमदने 1490 मध्ये स्वतंत्र होऊन निजामशाही उभी केली ती जुन्नरात; अहमदनगर शहर नंतर वसले. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला मलिक अंबरने काही वर्षे इथूनच राज्य चालवले. हबशी गुलाम म्हणून दख्खनमध्ये आलेल्या या माणसाने जमिनीची पाहणी करून पिकाच्या मानाने सारा ठरवण्याची पद्धत घातली आणि ती पुढे मलिकंबरी म्हणून ओळखली गेली. गावाच्या पूर्वेला हापूसबागेत दगडी घुमट उभा आहे. नावाचा आंब्याशी संबंध नाही, हबशीबागेचे ते रूप असे सांगतात. शिवनेरीवर जिथे 1630 मध्ये शिवरायांचा जन्म झाला, त्या गडावर कमानी मशीद आणि ईदगाहही आहे. पेशवाईत दफ्तरांसाठी जो जुन्नरी कागद वापरला जाई, तो बनवणारे कागदी इथले मुसलमान. तागाचे जुने गोणपाट कुटून, लगदा करून, ताव वाळवून, दगडाने घोटून कागद होई. पुण्याच्या कसब्यातला कागदीपुरा याच लोकांच्या नावाचा.

नानांचे घर अशाच एका मोहल्ल्यात आहे. देवडी, मधे अंगण, चार लाकडी खांब, मागे आड. नानी गेल्यापासून कुलूप होते. त्या रस्त्यावर कुलूपबंद असे ते एकच घर नव्हते, मी मोजली तेव्हा सात होती. मालक मुंबई-पुण्यात किंवा परदेशात, आणि त्यांच्यातलेच कोणी तरी धरणाकाठी अकरा गुंठे शोधत असणार.

किल्ली धाकट्या मामूंकडे होती. नगर भूमापन कार्यालयातून मिळकत पत्रिका काढली तर तिच्यावर दोन्ही मामूंचीच नावे. अम्मी आणि दोन्ही खाला यांची नाहीत. हक्कसोडपत्र झालेले नव्हते. कोणी विचारलेच नव्हते. नाना गेले तेव्हा वारस म्हणून मुलांची नावे दिली गेली, मुलींची राहिली. मराठा घरांत, माळ्यांच्या घरांत बहिणींकडून सोडपत्र घेतात म्हणून आपण वर्गात आणि वाझमध्ये नावे ठेवतो. आपल्याकडे पुष्कळदा तेवढाही कागद होत नाही. शरीअतचा हिशेब शाळेतल्या अपूर्णांकाइतका सरळ आहे. नानांच्या मागे नानी, दोन मुलगे, तीन मुली. नानीचा आठवा हिस्सा. उरलेल्या सातांत मुलग्यांचे दोन-दोन, मुलींचा एक-एक. नानीनंतर तिचाही भाग त्याच प्रमाणात गेला, म्हणजे घराचे सात हिस्से झाले आणि त्यांतले तीन बहिणींचे. घर गावठाणातले असल्यामुळे प्रश्न सोपा. शेतजमीन असती तर वकील गाठावा लागला असता, कारण 1937 च्या शरीअत कायद्याच्या मजकुरात शेतजमिनीचा विषय वगळलेला आहे, आणि हे आपल्यातल्या शिकलेल्यांनाही माहीत नसते.

धाकट्या मामूंचे पहिले उत्तर ठरलेले होते, "बहिणींनी माहेरचं काय न्यायचं?" थोरल्या खाला भिवंडीला असतात, पंचाहत्तरीच्या आहेत. त्यांनी फोनवर सांगितले, "मला न्यायचं काहीच नाही. मला तिथे यायचंय. उन्हाळ्यात आडाजवळच्या खोलीत झोपायचंय." त्यानंतर मामू बराच वेळ गप्प होते. आठ दिवसांनी त्यांनी किल्लीची दुसरी नक्कल करून कुरिअरने भिवंडीला पाठवली.

वारस नोंदीचा अर्ज दिला आहे. थोरले मामू हयात नाहीत, त्यांची मुले मुंब्रा आणि शारजाहला. मुंब्र्याचा जबाब झाला, शारजाहहून मुखत्यारपत्र दूतावासाच्या शिक्क्यासाठी थांबले आहे. भाईजान महिन्यातून दोनदा जाऊन येतात. तुंबलेली घरपट्टी आणि पाणीपट्टी भरली, आडातला गाळ काढला, वीजजोडणी पुन्हा घेतली. खांब सागाचे आहेत आणि वाळवी फक्त माजघराच्या चौकटीला लागली आहे, असे सुताराचे मत पडले. मृग लागायच्या आत घर शाकारायला हवे, फुटकी कौले बरीच आहेत. खर्च हिश्श्यांप्रमाणेच वाटला. मामूंच्या दोन्ही घरांकडून दोन-दोन भाग, बहिणींकडून एक-एक. थोरल्या खालांनी आपला भाग सगळ्यांच्या आधी पाठवला आणि वर निरोप दिला की आडाजवळच्या खोलीची कौले पहिल्यांदा परता.